पैलवानाचा कान

"त्या तम्माला सावत्र आई मारती वो. लवकर या."

बाईचा आवाज होता, तोंडावर पदर धरल्यासारखा दबका. पेठेतल्या दूध कट्ट्यामागची गल्ली तिनं सांगितली, हंबीरराव पैलवानाचं घर सांगितलं आणि नाव विचारायच्या आत फोन बंद केला.

बाल संरक्षणाच्या कचेरीत असे फोन घ्यायचं आणि त्यांच्यामागं धावायचं काम संयोगिताचं. या कामानं तिला एक खोड लावली होती. समोर येईल त्याच्यावर आधी संशय घ्यायचा, मग नमस्कार करायचा. पहिला संशय फोन करणाऱ्यावर. कुणाची भाऊबंदकी असते, कुणाचं सामाईक भिंतीवरनं भांडण असतं, आणि पोराचं निमित्त करून शेजाऱ्याच्या दारात सरकारी गाडी उभी करायची हौस भागवून घेतली जाते. तिनं नंबर परत फिरवून बघितला. फोन बंद.

तिचा साहेब धैर्यशील मात्र ऐकताक्षणी उठला. "सावत्र ना? मग इचार कसला करताय मॅडम? गाडी काढा."

हे मात्र खरं होतं. 'बाप मारतोय' असा फोन आला की कचेरीत आधी चहा व्हायचा. बापानं धाक दाखवायचा न्हाई तर काय पोराची आरती ओवाळायची, असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे हसायचे. 'मास्तर मारतोय' म्हटलं, तर मास्तर कुणाचा पाहुणा ते आधी बघितलं जायचं. पण 'सावत्र आई' एवढे दोन शब्द कानावर पडले, की सरकारी जीपसुद्धा धक्का न मारता चालू व्हायची.

कट्ट्यावर सकाळची गर्दी ओसरत होती. हंबीरराव म्हशीखाली बसून धार काढत होता आणि गिऱ्हाईक फेसाचे ग्लास घेऊन तिथंच उभं होतं. माणूस आडवातिडवा, दार भरून टाकणारा. कुस्त्या कधीच सुटल्या होत्या, पण दोन्ही कान मोडून सुक्या अंजिरासारखे झालेले. असले कान कोल्हापुरात लपवत नाहीत, मिरवतात. केस बारीक कापून मिरवतात.

"या ताई, या! आधी ग्लास घ्या, मग काय ते बोला. कुणाच्या म्हनायच्या तुमी?"

"गुंडू पैलवानांची."

"आरं तिच्या!" हंबीररावाचा हात चटकन कानाच्या पाळीला गेला. थोराचं, वस्तादाचं नाव घेतलं की पैलवानाचा हात कानाला जातोच. संयोगिता लहानपणापासनं बघत आली होती. "गुंडूनानांची पोर व्हय तू? मग ताई कशाला, बाळच म्हनतो की. त्यांच्या मातीत लोळलोय आमी."

तिनं तक्रार सांगितली. तो चिडला नाही. ओरडला नाही. ओल्या हातानं तोंड पुसून म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"मला वाटलंच हुतं बाळ. पोराची आई बाळंतपणात गेली. दुसरी केली ती पोरासाठीच केली. आनि म्या हितं दिवसभर म्हशीत. घरात काय चालतंय, मला काय दिसतंय?"

"सावत्र ती सावत्रच," ग्लासवाल्यांतला एक म्हणाला. "सांच्याला पोराला खोलीत घालून भायेरनं कुलूप लावती. आमी बघतो की रोज."

"मग आजवर कुणी बोलला न्हाई ते?" संयोगितानं विचारलं.

"लोकाच्या घरात कसं बोलायचं, पावणं?"

दूध पिताना संयोगिताच्या डोक्यात एक खडा टोचला होता. नवरा बायकोला इतक्या सहज पुढं कसा ढकलतो? साधी 'आसं कसं हुईल' एवढी तरी कुरकुर करायला नको? पण दूध गरम होतं, गोड होतं, आणि बापाचं नाव घेताना समोरच्या माणसानं कानाला हात लावला होता. खडा दुधाबरोबर खाली गेला.

घर कट्ट्याला पाठ लावूनच. नंदिनी दारात उभी होती, जणू वाटच बघत असल्यासारखी. तिशीची असेल. चंदगडच्या खालच्या अंगाची, कर्नाटकाच्या शिवेजवळची, असं हंबीररावानं वाटेत सांगितलं होतं. ते सांगताना 'लांबची हाय, मानसं वळखीची न्हाईत' हेही जोडलं होतं. तिच्या मागं पोरगा. विश्वजित. तिसरीतला, हडकुळा. शाळेचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

आणि त्याचा डावा कान मोडलेला.

वरची कड सुजून आत वळलेली, निळसर, मधे गाठ. संयोगिताला घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. असल्याच कानाच्या मांडीवर ती वाढली होती. लहानपणी बापाच्या कानाची गाठ बोटानं दाबत दाबत ती झोपायची.

"काय पैलवान!" ती म्हणाली. "एवढ्याशा वयात कान मोडलास की रे! बापावर गेलास."

पोरगा हसला नाही. त्यानं नंदिनीकडं बघितलं.

"जातोय की तालमीला," हंबीरराव मागनं म्हणाला. "रगतातच हाय त्येच्या." तेवढं बोलून, म्हस खोळंबली म्हणत तो कट्ट्यावर गेला.

संयोगितानं घर बघितलं. आतल्या खोलीच्या दाराला नवी कडी, नवं कुलूप. किल्ली नंदिनीच्या गळ्यात, मंगळसूत्राच्या दोऱ्यात ओवलेली.

"पोराला कोंडून घालता?"

"व्हय."

"बाहेरनं कुलूप लावून?"

"व्हय. सांच्याला."

"कशासाठी?"

नंदिनी भिंतीकडं बघत राहिली. भिंतीपलीकडं हंबीररावाचा हसण्याचा आवाज येत होता. कुणाला तरी तो गुंडूनानांची पोर आल्याचं सांगत होता.

"मारता त्याला?"

"तुमी गुंडूनानांच्या न्हवं?" नंदिनीनं उलट विचारलं. "ह्येंची आनि त्यांची तालीम एकच म्हनं."

"त्याचा हितं काय संबंध?"

"काय न्हाई. लिवा तुमी, काय लिवायचं ते. पोराला न्ह्या."

संयोगिताच्या अंगाची आग झाली. आजवर ज्या ज्या दारात ती गेली, तिथं बाया रडल्या होत्या, शिव्या दिल्या होत्या, एकीनं तर लाटणं फेकून मारलं होतं. पोर न्या म्हणणारी ही पहिलीच. आणि पोरगा प्रत्येक प्रश्नाला आधी हिच्या तोंडाकडं बघतोय. तू जेवलास का? बघतोय. शाळेत जातोस का? बघतोय. एवढा धाक! पोटचं असतं तर दिलं असतं का असं काढून, भाकरीचा शिळा तुकडा दिल्यासारखं?

"आनि एक सांगा," नंदिनी खालच्या आवाजात म्हणाली. "हितनं न्हेल्यावर त्येला कुनाच्या ताब्यात देत्यात?"

"बापाच्या. रक्ताचा बाप हाय की त्याला."

नंदिनीच्या तोंडावरचं रक्त उतरलं. संयोगितानं ते बघितलं आणि त्याचा अर्थही लावून मोकळी झाली : घाबरली. आता नवऱ्याला सगळं कळणार म्हणून घाबरली.

"मग मी बी येतो," नंदिनी म्हणाली.

"यायलाच लागंल. तक्रार तुमच्यावरच हाय."

वाटेत दवाखाना. डॉक्टरनं शर्ट काढायला लावला, पाठ बघितली, पोट बघितलं, दंडावरचे जुने वळ मोजले. मग कान बघितला आणि गालाला चिमटा काढला. "वा पैलवान! कुठल्या तालमीत?" उत्तराची वाट न बघता त्यानं लिहिलं, 'डावा कान, कुस्तीचा सराव'. संयोगितानंही आपल्या अहवालात तेच उतरवलं. दंडावरचे वळ सावत्र आईचे. कान कुस्तीचा. एकाच पोराच्या अंगाची दोघातिघांनी मिळून अशी वाटणी केली आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

दुपारी समितीची बैठक. पोर कुणाकडं राहायचं ते तिथं ठरतं. हंबीरराव आधीच येऊन बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध आणि हातात दुधाची मोठी किटली. बैठकीचा चहा त्या दिवशी त्याच्याच दुधाचा झाला. दारावरचा शिपाई पोराला बघून ओरडला, "काय पैलवान, कान मोडलास की! मर्दा, हिंद केसरी हुतोस आता!"

अध्यक्षांनी चहाचा घोट घेतला. "हंबीरराव, असलं दूध आता मिळत नाही हो. आमचा अभिराम तुमच्याच कट्ट्यावर वाढला."

"तुमचीच म्हस हाय साहेब."

संयोगिताला तो खडा परत टोचला. पण साहेबाच्या हिशेबानं केस सरळ होती. पोर बापाच्या ताब्यात. बापानं त्याला घेऊन हातकणंगल्याला आजीकडं, बनाबाईकडं राहायचं. तिथनं ये-जा करायची. सावत्र आईनं पोराला भेटायचं नाही. सही झाली की संपलं. तोवर पोराला बाहेर बाकावर बसवा.

ती त्याच्या शेजारी बसली. नंदिनीला लांब, जिन्याजवळ बसवली होती. पोरगा तिच्याकडंच बघत होता. आता मात्र संयोगिताला ते बघणं वेगळं दिसायला लागलं. धाक असलेलं पोर मारणाऱ्याकडं चोरून बघतं, नजर लागली की काढून घेतं. ह्यानं नजर काढलीच नव्हती. बुडणारं माणूस काठाकडं बघतं तसा बघत होता.

वेळ घालवायला म्हणून तिनं विचारलं, "तालमीत गेल्यावर आधी काय करायचं रे? मातीला काय करायचं?"

पोरगा शर्टाचं वरचं बटण चाळवत राहिला.

"अरे, माती कपाळाला लावायची ना? वस्तादांनी शिकवलं न्हाई?"

"मी कुठं जातो तालमीला?" पोरगा म्हणाला.

जिन्याच्या तोंडाशी शिपाई कुणाशी तरी बोलत होता. पंखा कर्रकर्र फिरत होता.

"जात न्हाईस?"

"न्हाई."

"कधीच?"

"मला भ्या वाटतंय."

सकाळपासनं किती जणांनी त्याला पैलवान म्हटलं होतं. डॉक्टर म्हणाला, शिपाई म्हणाला. सगळ्यांच्या आधी ती म्हणाली होती. बाळा, तू तालमीला जातोस का, हे कुणीही त्याला विचारलं नव्हतं. मोडलेल्या कानाला या गावात प्रश्न विचारायचा नसतो. शाबासकी द्यायची असते. दुसऱ्या कुठल्या गावची बाई असती तर ती पहिल्यांदा कानावरच थांबली असती.

"मग कान कसा मोडला रे?"

पोरगा बंद दाराकडं बघत राहिला. आतनं हसण्याचा आवाज आला. पोरानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

संयोगिता त्याचा हात धरून आत गेली. सही व्हायची होती, पेन अध्यक्षांच्या हातात होतं.

"साहेब, थांबा. हा तालमीला जात नाही."

"म्हणजे?"

"कान कुस्तीचा नाही."

धैर्यशील खुर्चीत वळला. "मॅडम, तुमच्याच अहवालात लिहिलंय की. कुस्तीचा सराव. तुमच्याच अक्षरात."

"चुकलं ते."

"सकाळी बरोबर, दुपारी चूक?" अध्यक्ष हसले. "बाई, पोरं काहीही बोलतात. सावत्र आईनं पढवलेलं असतं. तुम्ही नवख्या आहात का?"

संयोगिता हंबीररावाकडं वळली. आवाज मुद्दाम साधा ठेवला.

"आप्पा, पोरगं कुठल्या तालमीला जातंय?"

"आपल्या पेठेतल्या की."

"वस्ताद कोण तिथं आता?"

"तुला ठावं न्हाई व्हय बाळ? सयाजी वस्ताद!"

आणि नाव घेता घेता, सवयीनं, मानानं, सगळे पैलवान लावतात तसा हंबीररावाचा उजवा हात वर उठला. स्वतःच्याच कानाकडं.

विश्वजितनं दोन्ही पंज्यांनी आपले कान गच्च झाकले आणि तो टेबलाखाली गेला. ओरडला नाही. आवाज आला तो फक्त गुडघे फरशीवर आपटल्याचा. टेबलाखालनं बारीक, पाठ केल्यासारखं येत होतं, "न्हाई सांडत आप्पा, न्हाई सांडत, उचलू नगा, न्हाई सांडत."

हंबीररावाचा हात कानाला लागला होता, तो तिथंच राहिला. खाली कसा आणायचा हे त्याला कळेना.

अध्यक्षांच्या कपातल्या चहावर साय धरली होती.

"तम्मा," दारातनं आवाज आला. "तम्मा, हिकडं ये. मी हाय."

नंदिनी शिपायाला ढकलून आत आली होती. पोरगा टेबलाखालनं रांगत निघाला, बापाच्या पायांना वळसा घालून, आणि तिच्या लुगड्यात शिरला. ती खाली बसली. तिनं त्याच्या कानावरचे हात काढले नाहीत. त्या हातांवर आपले हात ठेवले.

तम्मा. शिवेकडची माणसं पोराला लाडानं म्हणतात. इथं पेठेत हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. संयोगितानं तो सकाळी ऐकला होता, फोनवर.

"फोन तुम्ही केला होता," ती म्हणाली.

"व्हय."

"स्वतःवरच तक्रार?" धैर्यशील ओरडला. "खुळी का काय ही बाई?"

नंदिनीनं त्याच्याकडं बघितलं. पहिल्यांदाच सरळ बघितलं. "साहेब, मागल्या साली शेजारनीच्या फोनवरनं तुमाला सांगितलं हुतं, बाप पोराला कान धरून उचलतोय. कोन आलं? कोनी आलं न्हाई. म्हनून म्हनलं, सावत्र आईचं नाव सांगावं. सावत्र म्हनल्यावर तरी येतील. आला का न्हाई?"

धैर्यशील टेबलावरची पेनं सारखी करायला लागला.

"आणि कुलूप?" अध्यक्षांनी विचारलं, कुठंतरी पकडायला जागा हवी म्हणून.

"म्हशी आटपून सांच्याला हे घरात येत्यात. किल्ली माज्या गळ्यात. दार मोडायचं तर आदी मला मोडायला लागंल." तिनं पदर सरकवला नाही, काही दाखवलं नाही. दाखवायची गरज नव्हती.

"सगळं नाटक हाय साहेब," हंबीरराव म्हणाला. आवाज तसाच मऊ, दुधावाणी. "बापानं कान धरला तर काय बिघडलं? आमच्या बापानं आमाला काय कमी धरलं? गुंडूनाना काय करत हुते, इचारा हिला."

आणि खरं सांगायचं तर खोलीतले निम्मे जण मनातनं 'व्हय' म्हणाले. ते त्यांच्या तोंडांवर दिसलं. संयोगिताला ते दिसलं म्हणूनच ती पुढं झाली आणि अध्यक्षांच्या समोरचा कागद तिनं उचलून घेतला.

"ह्याच्यावर सही झाली तर मी पोलीस चौकीत जाऊन तुमचं नाव सांगतो, साहेब. पोरगं टेबलाखाली शिरलेलं तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. आता बघितलं न्हाई म्हणायचं न्हाई."

सही झाली नाही. पोलिसांना फोन झाला, तो कुणी करायचा यावरनं आधी वाद झाला, मग तिनंच केला. कानासाठी दुसरा डॉक्टर, दुसरा अहवाल. हंबीररावाला बाहेर बसवलं. शिपायानं त्याला खुर्ची दिली, तीही पुसून.

पण पोरगा नंदिनीला मिळाला नाही. ती रक्ताची नव्हती, दत्तक घेतलेलं नव्हतं, आणि कागदावर तक्रार अजून तिच्याच नावावर होती. तिनं स्वतःच लिहवलेली. चौकशी होईपर्यंत पोरगा बालगृहात. अध्यक्ष म्हणाले, नियम आहे. कधी नव्हे तो त्या दिवशी त्यांना नियम आठवला.

"मला ठावं हुतं," नंदिनी म्हणाली. ती रडत नव्हती. "माज्याकडनं काढतील हे ठावंच हुतं. बापाकडं देतील ते न्हवतं ठावं. तुमी सांगितल्यावर माजं हातपाय गळालं बघा."

संयोगिताला सकाळचं तिचं पांढरं पडलेलं तोंड आठवलं. माफी मागायला तिनं तोंड उघडलं, पण नंदिनीला माफीत रस नव्हता. ती गळ्यातल्या दोऱ्याची गाठ दातानं सोडत होती. किल्ली सुटली. पिशवीतनं तिनं कुलूप काढलं. घरातनं निघताना ते तिनं बरोबर घेतलं होतं.

"तिथं खोलीला कडी आतनं हाय का भायेरनं?"

"बघून सांगतो."

"तिथली मानसं कशी हायेत?"

संयोगितानं 'चांगली आहेत' म्हणायला हवं होतं. तसं म्हणायची रीत आहे. पण आज दिवसभर तिनं चांगली माणसंच बघितली होती. दूध देणारी, गालाला चिमटा काढणारी, खुर्ची पुसून देणारी.

"मला ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "मी रोज जाऊन बघतो."

नंदिनीनं कुलूप आणि किल्ली तिच्या हातात दिली. पोराचे हात लुगड्यातनं सोडवायला वेळ लागला. एक बोट सोडवलं की दुसरं धरायचं.

बाहेर पडताना दारावरचा शिपाई मघाच्याच उत्साहानं पुढं झाला. आत काय घडलं ते त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

"काय पैलवान! निघालास व्हय?"

पोरानं कान झाकला. संयोगिता जिन्यात थांबली. हातातलं कुलूप तिनं इतकं घट्ट धरलं होतं की त्याची कड तळहातात रुतली होती.

"पैलवान न्हाई ह्यो," ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की पुसून दिलेल्या खुर्चीत हंबीररावानं मान वर केली. "त्याला परत पैलवान म्हणायचं न्हाई कुणी. विश्वजित नाव हाय त्याचं."

शिपाई बाजूला झाला. खुळी का काय ही बाई, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.